उरलेलं अंतर

उरलेलं अंतर वाढायला लागलं तेव्हा बाईंना आधी वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला. पुढच्या खुर्चीच्या पाठीला वीतभर पडदा होता. त्यावरच्या नकाशात एक पांढरं विमान गोगलगायीच्या चालीनं सरकत होतं आणि खाली दोन ओळी होत्या : उरलेलं अंतर, उरलेला वेळ. निघताना तिथे अकराशे किलोमीटर होते आणि सव्वादोन तास. मुलाच्या गावाहून लेकीच्या गावाला, आणि सहा महिन्यांनी लेकीच्या गावाहून मुलाच्या गावाला. हा प्रवास बाईंना इतका पाठ झाला होता की चहाची गाडी कोणत्या आकड्याला येते हेही त्या सांगू शकल्या असत्या. आकडा कमी कमी होत जायचा आणि तो तसा होताना बघत बसायचं, एवढंच या प्रवासात काम असे. आज पाचशे साठ झाले, पाचशे पन्नास झाले, आकडा जरा घुटमळला, आणि पुन्हा पाचशे साठ. मग पाचशे सत्तर. बाईंनी चष्मा काढून शालीच्या टोकाला पुसला. मांडीवर पडलेला उन्हाचा चौकोन तेवढ्यात हळूच उचलला गेला, समोरच्या माणसाच्या टकलावरून घसरला आणि पलीकडच्या रांगेतल्या एका झोपलेल्या बाईच्या गालावर जाऊन बसला. म्हणजे विमान वळलं होतं. अजून कोणाला कळलं नव्हतं. बाईंनीही कोणाला सांगितलं नाही. सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. माणसाच्या आत काय मोडलंय हे सगळ्यांत आधी त्यांना दिसायचं आणि सांगायचं काम मात्र डॉक्टरचं असायचं. काचेआडून 'श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका' म्हणायचं, आणि खटका दाबून 'सोडा' म्हणायचं, एवढाच त्यांचा अधिकार. तिथे सगळे त्यांना बाई म्हणत. निवृत्त झाल्यावर नोकरी गेली, बाई राहिल्या.

मग वैमानिकाचा आवाज आला. तुम्हाला जिथे जायचं आहे तिथे वादळ झालं आहे, विमानतळ बंद केला आहे, जवळपास कुठे उतरायला जागा नाही, म्हणून आपण निघालो तिथेच परत चाललो आहोत, तसदीबद्दल क्षमस्व. आवाज असा, जणू दुकानदार सांगतोय की आजचा पाव संपला. विमानभर एक लांबलचक हुंकार उमटला. बाईंच्या शेजारचा जाडजूड गृहस्थ जागा झाला. "म्हणजे काय? अर्ध्यात आणून परत? यापेक्षा पायी निघालो असतो तर पोचलो असतो," असं म्हणून त्यानं आजूबाजूला कोणी हसतंय का ते पाहिलं. कोणी हसलं नाही, म्हणून तो बाईंकडे वळला. "आजी, तुम्हाला घ्यायला कोण येणार होतं?"

"लेक."

"आणि आता परत गेल्यावर?"

"मुलगा आहे ना तिथे."

बाई हे इतक्या सहज म्हणाल्या की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. दोन्ही टोकांना आपली माणसं. अशी किती जणांना असतात?

नवरा गेला त्याच्या पुढच्या महिन्यात हे ठरलं होतं. घर मोठं होतं आणि त्यात बाई एकट्या होत्या. लेक आणि मुलगा जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसले आणि बाई मधल्या खुर्चीवर, म्हणजे जिथे नवरा बसायचा तिथे. त्या खुर्चीवर आपण कशा बसलो हे त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं. लेक म्हणाली, सहा महिने दादाकडे, सहा महिने माझ्याकडे. मुलगा म्हणाला, हो, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको. आणि मग दोघांनी एकदम बाईंकडे पाहिलं. लहानपणी फुलदाणी फोडली की बघायची, तसंच. बाई म्हणाल्या, "चालेल की. हवापालट होईल." दोघं हसली. दोघांचा जीव भांड्यात पडला हे बाईंनी पाहिलं आणि आपण बरोबर बोललो याचं त्यांना समाधान वाटलं. ते घर गेलं, ते टेबलही गेलं. हवापालट मात्र चालू राहिला. आता त्यांना जाग आली की आधी हात भिंत शोधतो. भिंत डावीकडे लागली तर मुलाचं घर, उजवीकडे लागली तर लेकीचं. हाताला भिंत लागेपर्यंतचा जो क्षण असतो त्यात त्या कुठेच नसतात. मुलाकडे नातीची खोली त्यांची होते आणि नातीचं टेबल बैठकीच्या खोलीत येतं. लेकीकडे जावयाचा कामाचा कोपरा त्यांचा होतो आणि जावई स्वयंपाकघराच्या ओट्यावर संगणक मांडून बसतो, आणि बाई पाणी प्यायला गेल्या की दर वेळी उठून उभा राहतो. पहिल्या महिन्यात त्या पाहुण्या असतात. तिसऱ्या महिन्यात घरच्या होतात, म्हणजे त्यांच्या देखत भांडणं होतात. पाचव्या महिन्यात तिकिटाचा विषय निघतो, आणि तो विषय काढणाऱ्याचा आवाज नेहमी जरा जास्तच गोड असतो. कोणी वाईट वागतं असं नाही. बाईंची तक्रार नव्हती. तक्रार करायला समोर कोणीतरी लागतं. ही नुसती दमणूक होती. जागेवर बसून होणारी दमणूक, जिना न चढता लागणारी धाप.

या सगळ्यात विमानातला वेळ त्यांना बरा वाटायचा. एकाची जबाबदारी संपलेली आणि दुसऱ्याची अजून सुरू न झालेली. तेवढ्या वेळात आपण कोणाच्या जेवणाच्या वेळा मोडत नाही, कोणाचा नळ अडवत नाही. पण आज ते सुखही उलटं फिरलं होतं. सकाळी मुलानं "पोचलीस की फोन कर" म्हणून जो श्वास सोडला होता, तो आता त्याला परत आत घ्यावा लागणार होता. सकाळी जरा घाईच झाली होती. एरवी मुलगा आतपर्यंत यायचा, सामान द्यायचा, खिडकीची जागा मागून घ्यायचा. आज त्यानं दारातच चाकाच्या खुर्चीवाल्या बाईच्या ताब्यात त्यांना दिलं. बाईंना चालता येत होतं. गुडघा दुखायचा, पण येत होतं. खुर्ची मुलानं लावून दिली होती, कारण खुर्चीला रांग नसते. दारात त्यानं घड्याळ पाहिलं आणि मग बाईंना मिठी मारली, आणि ती मिठी बाईंना जरा घट्ट वाटली होती, नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकलेली. घरून निघताना नात पायाशी घुटमळत होती. साखरेच्या डब्यापाशी हमखास सापडायची म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. ती म्हणाली, "आजी, तू गेलीस ना की आम्ही—" आणि सून आतून म्हणाली, "मुंगे, आजीची पाण्याची बाटली आण." बाटली आली. वाक्य तसंच राहिलं. घरातलं अर्धवट वाक्य पुरं करायला जायचं नसतं, हे दोन घरांत राहून बाई शिकल्या होत्या.

विमान उतरलं. तीच धावपट्टी, तोच काचेचा बोगदा, आणि बोगद्याच्या तोंडाशी तीच खुर्चीवाली. तिनं बाईंना पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "काकू, तुम्हीच ना सकाळच्या? जाऊन आलात पण?"

"जाऊन कसली येते. रस्त्यातूनच वळवलं."

"बरं झालं की. माझी ड्यूटी संपायच्या आत आलात," ती म्हणाली आणि तिच्या विनोदाला ती एकटीच मनापासून हसली. खुर्चीचं एक चाक कुरकुरत होतं. परतलेल्या लोकांना प्रस्थानाच्या मोठ्या दालनात तिकिटाच्या खिडकीशी जायला सांगितलं होतं. तिथे एव्हाना रांग लागली होती आणि शेजारचा जाडजूड गृहस्थ रांगेच्या पुढच्या टोकाशी पोचून कोणाशी तरी हुज्जत घालत होता. खुर्चीवालीनं बाईंना एका जाड खांबाच्या कडेला लावलं, चाकाला पायानं अडसर दिला आणि म्हणाली, "इथेच बसा हं काकू. मी विचारून येते तुमचं पुढचं." बाई बसल्या. दालनात दुपारची गर्दी होती. सामानाच्या गाड्या, गुंडाळलेली पोरं, कपाळावर चष्मा चढवून तिकीट शोधणारी माणसं. समोर, काही अंतरावर, दुसऱ्या कुठल्या तरी गावाला जाणाऱ्यांची रांग होती, आणि तिच्यात एक पिवळी टोपी होती. घमेल्याएवढी टोपी, आणि खाली दोन काटकुळे पाय. एवढ्या टोपीखाली कोणाचं पोर असेल म्हणून बाईंना हसू आलं. मग टोपी वळली. खाली मुंगी होती.

बाईंना काहीच वाटलं नाही. म्हणजे लगेच वाटलं नाही. ठेच लागल्यावर कळ यायला जो क्षण जातो, त्यात त्या नुसत्या बघत राहिल्या. मुंगीच्या गळ्यात हवा न भरलेलं पोहण्याचं चाक होतं. तिच्या मागे सून, उन्हाचा चष्मा केसांत खोवलेली. आणि सामानाच्या गाडीवर रेललेला मुलगा. त्याच्या अंगात मोठमोठी हिरवी पानं छापलेला एक शर्ट होता. असा शर्ट बाईंनी दोरीवर वाळताना कधी पाहिला नव्हता, आणि त्या घरातल्या दोरीवरचा प्रत्येक कपडा त्यांच्या ओळखीचा होता. मुंगीनं काहीतरी विचारलं, मुलगा हसला आणि टोपीवर टपली मारली. तो किती दिवसांनी असा हसला ते बाईंना आठवेना.

मग एकेक आठवत गेलं. गेल्या हिवाळ्यात लेकीकडून परत आल्यावर मुंगीच्या टेबलावर शिंपल्यांची बरणी होती. कुठून आणलेस गं, असं विचारल्यावर ती आईकडे बघून म्हणाली होती, शाळेच्या सहलीत मिळाले. त्याच्या आधीच्या वेळी, लेकीकडे जाऊन आठवडा झाला असताना, फोनच्या पडद्यावर मुलाच्या नाकाची सालं निघालेली दिसली होती आणि तो म्हणाला होता, साइटवर फार ऊन होतं. बाईंनी तेव्हा त्याला खोबरेल तेल लावायला सांगितलं होतं. म्हणजे हे दर वेळचं होतं. आपण निघालो की ही निघतात. रागवावं असं बाईंना वाटलं, पण राग धरायला कुठे टोकच सापडेना. सांगितलं असतं तर आपण काय म्हणालो असतो? "जा की खुशाल, मी राहते एकटी." आणि आपण एकट्या राहतो म्हटल्यावर ती तिघं गेली नसती. आणि आपल्याला न्यायचं तर गुडघा, गोळ्या, मऊ जेवण, वेळेवर जेवण. म्हणजे ती सहा महिने थांबली होती. सहा महिने घरातल्या घरात आवाज खाली ठेवून, उन्हाचा चष्मा कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून, ती थांबली होती, आणि आज सकाळची ती घट्ट मिठी खोटी नव्हती, हेच अवघड होतं. खोटी असती तर बरं झालं असतं. चोरी त्यांची होती आणि चोरासारखं वाटत होतं बाईंना. आपण नको त्या वेळी दार उघडलं आणि आत दिवा लागलेला होता, असं. उठून सरळ चालत जावं, एवढंसं तर अंतर, हाक मारली तरी पोचेल. त्यांनी खुर्चीच्या पायाखालच्या पट्टीवरून पाय उचलला आणि परत ठेवला.

तेव्हाच मांडीवरचा फोन वाजला. लेक होती. "आई! अगं किती वेळ फोन बंद तुझा. मी इथे विमानतळावर येऊन बसलेय. बाहेर नुसतं काळंकुट्ट, झाडं पडलीयेत रस्त्यात. ठीक आहेस ना तू?"

"ठीक आहे गं. परत आणलं आम्हाला."

"हो, कळलं इथे. काही काळजी करू नकोस. मी दादाला लावते, तो येईल न्यायला."

"अगं थांब. दादाला नको—"

पण लेकीनं फोन ठेवलासुद्धा होता. ती लहानपणापासून तशीच, वाक्याच्या शेवटापर्यंत कधी थांबली नाही. बाईंनी घाईघाईनं तिचा नंबर परत लावला, तो लागेना. त्यांनी वर पाहिलं. तिकडे मुलानं कमरेशी हात नेला. अकराशे किलोमीटरवरून निघालेला आवाज एवढ्यात येऊन त्याच्या खिशात वाजला होता. त्यानं फोन कानाला लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं. तो ऐकत होता आणि त्याचे खांदे हळूहळू खाली येत होते. बाईंनी आयुष्यभर खांदे पाहिले होते. निखळलेले, मोडलेले, झिजलेले. हा तसा काही नव्हता. नुसता दमलेला होता. त्यानं फोन खाली घेतला, सुनेला दोन शब्द सांगितले. सून सुटकेसवर बसली. मुंगी टोपी धरून स्वतःभोवती गोल फिरत होती. आणि मुलगा फोनकडे बघत, गर्दीतून वाट काढत, जरा शांत जागा शोधत, नेमका या खांबाच्या दिशेनं यायला लागला.

खुर्चीवाली परत आली होती. "काकू, आज काही नाही. उद्या सकाळचं विमान. हॉटेल देतायत सगळ्यांना."

"खुर्ची वळव गं जरा," बाई म्हणाल्या. "डोळ्यांवर उजेड येतोय."

उजेड मागच्या बाजूला होता. खुर्चीवालीनं खुर्ची वळवली. आता बाईंच्या समोर खांब होता. राखाडी, गुळगुळीत, थंड. फोन वाजला.

"आई, कुठे आहेस तू?"

"इथेच, विमानतळावर. तू?"

"मी... ऑफिसात."

त्या क्षणी छतातून घोषणा सुरू झाली. कुठल्या तरी विमानाच्या प्रवाशांना शेवटचं बोलावणं. ती वरून ऐकू आली आणि लगेच मागोमाग फोनमधूनही ऐकू आली, तोच आवाज, तीच नावं. मायलेक दोघंही ती संपेपर्यंत गप्प राहिली. मग मुलगा चाचरत म्हणाला, "ऐकू येतंय ना तुला?"

"हो हो. इकडे फार गोंगाट आहे, बाबा. सारख्या घोषणा." घोषणा बाईंनी आपल्या अंगावर घेतली. "हे बघ, तू येऊ नकोस. हॉटेल देतायत आम्हाला. उद्या सकाळी दुसरं विमान आहे."

"हॉटेलात? एकटी?"

"एकटी कशानं? सगळं विमान आहे बरोबर. तू आपलं काम कर."

त्याचा श्वास ऐकू येत होता. बाई खांबावर बोटानं एक रेघ ओढत होत्या. यानं 'बरं' म्हणावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. जा, पोरीला पाण्यात खेळव. आणि यानं 'बरं' म्हटलं तर? तर उद्या सकाळी लेकीकडे उतरताना आपण ते 'बरं' बरोबर घेऊन उतरू, आणि सहा महिन्यांनी परत आणू. हेही त्यांना तितकंच मनापासून नको होतं.

"थांब," मुलगा म्हणाला. "मी करतो परत फोन. पाच मिनिटं दे."

बाईंनी खांबाच्या कडेनं मान काढून पाहिलं. तो परत रांगेपाशी गेला होता, हात हलवून सुनेला काही सांगत होता. सून मान खाली घालून ऐकत होती. ती एका विमा कचेरीत दिवसभर लोकांच्या नुकसानीच्या कहाण्या ऐकायची आणि घरी आली की पहिली काही मिनिटं कोणाशी बोलायची नाही. बाईंनी सुरुवातीला ते तुसडेपण समजलं होतं. आत्ताही त्यांना वाटलं, ही आता तोंड फिरवणार, आणि फिरवलं तर तिचं काय चुकलं? तेवढ्यात सुनेनं मान वर केली आणि नवऱ्याच्या कडेनं, गर्दीतून, सरळ बाईंकडे पाहिलं.

लपायला वेळच मिळाला नाही. सुनेचा चेहरा एकदम पांढरा पडला, ओठ उघडले. ती आता नवऱ्याचा दंड धरणार, बोट दाखवणार. बाईंचा हात आपसूक वर गेला, तळवा समोर. इतकी वर्षं काचेआडून तो जसा वर जायचा तसा. हलू नका. सून तशीच राहिली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, मधून गाड्या जात होत्या, आणि मुलगा दोघींच्या मधे पाठमोरा उभा राहून पोटतिडकीनं काहीतरी समजावत होता. बाईंनी मान हलवली. नको. सांगू नकोस त्याला.

मग सून उठली. मुंगीला खांद्याला धरून तिनं दुसरीकडे तोंड करून उभं केलं. नवऱ्याच्या हातातले कागद घेतले, त्यातला एक त्याला परत दिला आणि उरलेले आपल्या पर्समध्ये टाकले. ती काय म्हणाली ते इथपर्यंत आलं नाही, पण शब्द एक किंवा दोनच असावेत. जा, किंवा तू जा. मुलगा मुंगीसमोर गुडघ्यावर बसला. मुंगीनं ऐकलं, पाय आपटला, टोपी खाली पडली. त्यानं ती उचलून झटकली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. सुटकेस घेऊन दोघी आत जाणाऱ्या फाटकाकडे निघाल्या तेव्हा मुंगी उलटं चालत बापाकडे बघत होती. फाटकापाशी सुनेनं एकदा मागे वळून पाहिलं. ती हसली नाही. तिनं नुसती मान खाली केली आणि आत गेली. एवढ्या वर्षांत आपण या मुलीशी जेवढं बोललो ते सगळं एका बाजूला, आणि हे एका बाजूला, असं बाईंना वाटलं, आणि इतकं थकल्यासारखं झालं की त्यांनी डोकं मागे टेकलं.

फोन आला. "आई, निघालोय मी. अर्धा तास लागेल. आहेस तिथेच थांब."

"कशाला रे धावपळ?"

"थांब तू. आलोच."

आणि तो तिथेच उभा राहिला. पळभर बाईंना कळेना, हा का येत नाही. मग कळलं. ऑफिसातून इथे यायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास त्याला काढायचा होता. त्यानं गाडीवरची एक लहान बॅग उचलली, प्रसाधनगृहात गेला आणि बाहेर आला तेव्हा पानांचा शर्ट नव्हता, पांढरा होता. मग त्यानं दूरच्या दुकानातून चहा आणि पाव घेतला आणि दालनाकडे पाठ करून, उभ्या उभ्या, भिंतीकडे बघत खायला लागला. मोठमोठे घास. सकाळपासून काही खाल्लं नसणार. डोक्याच्या मागच्या बाजूला त्याचे केस विरळ झाले होते, बशीएवढं टक्कल दिसत होतं. घरात तो नेहमी समोरून येतो, जेवताना समोर बसतो. हे कधी दिसलंच नव्हतं. त्याला शाळेत सोडल्यावर पहिले काही दिवस बाई फाटकाच्या आड उभ्या राहायच्या. तो रडतोय का, कोणाशी बोलतोय का, डबा खातोय का. त्याला माहीत नसायचं. त्यानंतर आजच त्या त्याला असं बघत होत्या, त्याला न कळता, पोटभर. त्यानं कप चुरगाळला, टोपली शोधली, सापडेना म्हणून खिशात कोंबला. घड्याळ पाहिलं. दोन पावलं चालला, थांबला, पुन्हा पाहिलं.

"काकू," खुर्चीवाली हळूच म्हणाली, "तो माणूस तुमच्यापैकी आहे का? मगाशी इथेच फोनवर बोलत होता."

"नाही," बाई म्हणाल्या. "तो कोणाची तरी वाट बघतोय."

खुर्चीवालीनं त्या माणसाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि चाकाशी वाकून उगाचच काहीतरी दुरुस्त करायला लागली.

अखेर तो आला. बाहेरच्या दाराकडून आला, म्हणजे आधी लांबून वळसा घालून तिकडे गेला असणार. चालण्यात घाई आणली होती, जरा धापही. "आई!"

"आलास? इतक्या लवकर?"

"रस्ता मोकळा होता."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. त्यानं वाकून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. पांढऱ्या शर्टाला बॅगेतल्या घडीच्या रेघा होत्या, छातीवर आडवी, मधोमध उभी. बाईंनी त्या रेघेवरून तळवा फिरवला. त्यांच्या बोटांखाली त्याचं काळीज जोरात धडधडत होतं. "जेवलास का?"

"हो. ऑफिसात खाल्लं."

त्यानं खुर्चीवालीला काहीतरी देऊ केलं, ती नको म्हणाली आणि "काकू, उद्या भेटू" म्हणून रिकामी खुर्ची कुरकुरवत निघून गेली. बाई त्याच्या दंडाला धरून बाहेर आल्या. गाडी ऑफिसात आहे, तो म्हणाला, टॅक्सीनं जाऊ. बाई म्हणाल्या, हो, टॅक्सी बरी. टॅक्सीत बसल्यावर त्यानं खिडकीची काच खाली केली, वर केली. घर आता बंद असणार. पडदे ओढलेले, दूध बंद केलेलं, फ्रीज रिकामा करून त्याचं दार फडक्यानं किलकिलं ठेवलेलं. मुंगीचं टेबल पुन्हा तिच्या खोलीत गेलेलं. कुलूप उघडलं की हे सगळं एकदम बाहेर येणार आणि त्यावर काय सांगायचं, ते तो रस्ताभर जुळवतोय, हे त्याच्या जबड्यावरून दिसत होतं.

"आई," तो म्हणाला, "घरी गेल्यावर... म्हणजे खरं तर आज आम्ही..."

"झोप जरा," बाई म्हणाल्या. "डोळे बघ कसे झालेत. घर आलं की उठवते मी."

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यानं खरंच डोळे मिटले, सांगितलं की ऐकणाऱ्या मुलासारखे. दोन सिग्नल गेले तोवर त्याचं डोकं घसरत घसरत बाईंच्या खांद्याला लागलं. जड होतं. बाईंनी पाठ सरळ केली आणि खांदा जरा वर उचलून धरला.

"आजी, पुलावरून घेऊ?" ड्रायव्हरनं विचारलं. "लगेच पोचाल."

"नको. खालून घ्या. लांबून."

"लांबून फार वेळ लागेल."

"लागू दे."

ड्रायव्हरनं आरशातून मागे एकदा पाहिलं आणि पुलाचं वळण सोडून दिलं.